चार चाकांच्या फळीचा नाद

स्केटबोर्डचा जनक म्हणून एका माणसाचे नाव सांगता येत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत अनेक मुलांनी तो आपापल्या अंगणात तयार केला. रोलर स्केट मधोमध सोडवायचा, त्याची पोलादी चाके फळीच्या दोन टोकांना खिळ्यांनी ठोकायची, की काम झाले. त्याआधी मुले अशा फळीवर फळांचे रिकामे खोके उभे ठोकून ढकलगाडी करत. आपल्याकडे गॅरेजमधली जुनी बेअरिंग मिळवून मुले उतारावरची गाडी करत, त्यातलाच हा प्रकार. कॅलिफोर्नियात वेगळे घडले ते समुद्रामुळे. सर्फिंगचे वेड असलेल्या पोरांना लाटा नसतील त्या दिवशी काहीतरी हवे होते. त्यांनी खोका काढून टाकला, अनवाणी पायांनी फळीवर उभे राहून गुडघे वाकवले आणि पाण्यावर घेत तीच वळणे डांबरी उतारावर घेऊ लागले. सुरुवातीची काही वर्षे या खेळाला 'साइडवॉक सर्फिंग' म्हणजे फुटपाथवरचे सर्फिंगच म्हणत.

दुकानदारांचे लक्ष लवकरच तिकडे गेले. १९५९ मध्ये रोलर डर्बी कंपनीचा तयार स्केटबोर्ड बाजारात आला. 'सर्फ गाइड' हे मासिक काढणाऱ्या लॅरी स्टीव्हन्सन यांनी १९६३ मध्ये 'मकाहा' नावाचे बोर्ड विकायला घेतले आणि आपल्याच मासिकातून त्यांची जाहिरात केली. त्याच वर्षी हर्मोसा बीच इथल्या एका शाळेच्या आवारात पहिली स्पर्धा झाली. १९६५ च्या वसंतात ॲनाहाइमची राष्ट्रीय स्पर्धा टेलिव्हिजनवर दिसली आणि मे महिन्यात 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर पॅटी मॅगी ही तरुण खेळाडू झळकली, धावत्या बोर्डवर हातांवर उलटी उभी राहिलेली. या खेळाची पहिली मोठी सार्वजनिक प्रतिमा एका मुलीची होती, हे नंतर कित्येक वर्षे विसरले गेले.

वर्ष संपता संपता हा सगळा बाजार कोसळला. अनेक शहरांनी रस्त्यावर स्केटबोर्ड चालवायला बंदी घातली, डॉक्टरांनी मोडलेल्या हातांविषयी इशारे दिले आणि कारखान्यांत न विकलेल्या मालाचे ढीग साचले. दोष होता चाकांचा. पोलादी चाकांच्या जागी मातीच्या मिश्रणाची, दाबून केलेली चाके आली होती. ती पोलादापेक्षा मऊ चालत, पण रस्त्याला धरून राहत नसत. वळण थोडे जोरात घेतले की बोर्ड सरळ घसरत जाई. वाटेत हरभऱ्याएवढा खडा आला तरी चाक जागच्या जागी अडे आणि वर उभा असलेला मुलगा त्याच वेगाने पुढे फेकला जाई. शिवाय बेअरिंगच्या गोळ्या सुट्या असत, त्या निखळून वाटेत सांडत. एवढे असूनही काही थोडे लोक खेळत राहिले. पुढच्या साठ वर्षांच्या इतिहासात हेच पुन:पुन्हा घडलेले दिसते. व्यापाराने हा खेळ अनेकदा वाऱ्यावर सोडला, पण ज्यांना त्याचा नाद लागला होता त्यांनी सोडला नाही, आणि प्रत्येक वेळी तो पुन्हा उभा राहिला तो त्यांच्याच बळावर.

दुसरा जन्म एका प्लास्टिकमधून झाला. १९७० च्या सुमारास फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने व्हर्जिनिया राज्यातल्या पर्सेलव्हिल इथे एका कारखान्यात पॉलियुरेथेनची चाके पाहिली. ती भाड्याने मिळणाऱ्या रोलर स्केटसाठी बनवलेली होती. रोलर स्केटवाल्यांना ती फारशी रुचली नव्हती, कारण ती जमिनीला चिकटून चालत आणि वेग कमी देत. नॅसवर्दीने ती आपल्या बोर्डला लावली, आणि जो स्केटिंगच्या गुळगुळीत फरशीवर दोष होता तोच डांबरी रस्त्यावर गुण ठरला. चाक खड्यावरून दबून पुढे जाई, वळणावर पकड सोडत नसे आणि आवाजही कमी करी. १९७२-७३ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटास इथून त्याने 'कॅडिलॅक' नावाने ही चाके विकायला सुरुवात केली. दोनएक वर्षांत बंद बेअरिंगही आली. त्यांचा आकार आजतागायत तोच आहे: आतला व्यास ८ मिलिमीटर, बाहेरचा २२. फळीचे मागचे टोक वर वळवण्याची कल्पना स्टीव्हन्सन यांनी आधीच मांडली होती. या वळलेल्या टोकावर पाय दाबला की पुढची चाके उचलली जातात आणि बोर्ड जागेवर फिरतो. आधुनिक स्केटबोर्डचे मुख्य भाग १९७५ पर्यंत असे जुळून आले.

त्याच वर्षी डेल मार इथल्या राष्ट्रीय स्पर्धेत सांता मोनिकातल्या झेफर या सर्फ-दुकानाचा चमू उतरला. जेफ हो, स्किप एंगब्लॉम आणि क्रेग स्टेसिक यांनी जमवलेल्या या पोरांत टोनी अल्वा, जे ॲडम्स, स्टेसी पेराल्टा होते आणि पेगी ओकी ही एकटी मुलगी होती. बाकीचे स्पर्धक ताठ उभे राहून कसरती दाखवत असताना हे जमिनीलगत वाकून, हात फरशीला टेकवत गरागरा वळत होते. १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला. बंगल्यांच्या मागच्या अंगणातले पोहण्याचे तलाव रिकामे राहिले. त्यांचा तळ बशीसारखा गोल, भिंती खालून वर वक्र होत सरळ उभ्या जाणाऱ्या. मालक घरी नसताना मुले कुंपणावरून आत उतरत, उरलेले गढूळ पाणी बादल्यांनी उपसत आणि पोलीस येईपर्यंत खेळत. तलावाच्या काठाबाहेर बोर्डसकट हवेत उडी घेऊन पुन्हा भिंतीवर उतरणे इथेच सुरू झाले. आज जगभर काँक्रीटचे जे 'बोल' बांधले जातात, त्यांची घडण या तलावांवरूनच आली आहे.

१९७६ पासून फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियात पैसे घेऊन प्रवेश देणारे स्केटपार्क निघाले, भराभर वाढले आणि तितक्याच वेगाने मोडीत निघाले. अपघातांच्या दाव्यांमुळे विम्याचे हप्ते मालकांना परवडेनासे झाले आणि १९८० च्या आसपास बहुतेक पार्क बुलडोझरखाली गेले. जॅक्सनव्हिलचा कोना हा १९७७ चा पार्क तेवढा तग धरून राहिला. नॉर्वेने तर १९७८ मध्ये स्केटबोर्डची विक्री, आयात आणि वापर यांवर बंदीच घातली. ती १९८९ पर्यंत टिकली. तिथल्या मुलांनी रानात लपवून लाकडी उतार बांधले आणि बोर्ड चोरून आणले.

पार्क गेल्यावर उरली घराची अंगणे आणि रस्ते. अंगणात प्लायवूडचे अर्धवर्तुळाकार उतार उभे राहिले आणि लाकूडकाम येणे ही खेळाचीच एक अट होऊन बसली. १९८१ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोत 'थ्रॅशर' मासिक सुरू झाले. विखुरलेल्या खेळाडूंना एकमेकांची खबर त्यातून मिळे. रस्त्यांवर मात्र एका नव्या युक्तीने सगळे बदलले. फ्लोरिडाच्या ॲलन गेल्फंडने १९७० च्या दशकाअखेर हाताने न धरता बोर्ड भिंतीवरून हवेत नेण्याची रीत काढली होती. त्याच्या टोपणनावावरून ती 'ऑली' म्हणून ओळखली गेली. त्याच राज्यातल्या रॉडनी मलेनने १९८०-८२ च्या सुमारास ती सपाट जमिनीवर आणली.

सपाट जमिनीवरची ऑली पाहणाऱ्याला जादूसारखी वाटते, कारण बोर्ड पायांना कुठेच बांधलेला नसतो. मागच्या पायाने शेपटी जमिनीवर खाडकन आपटली जाते. बोर्डचे पुढचे टोक वर उसळते आणि त्याच क्षणी खेळाडू उडी घेतो. मग पुढचा पाय बुटाच्या कडेने फळीवरच्या खरखरीत कागदाला घासत वर सरकतो. या घासण्यानेच फळी वर ओढली जाते आणि हवेत आडवी होते. म्हणून सराव करणाऱ्यांचे बूट करंगळीच्या बाजूला ठरावीक जागी फाटतात. ही एक उडी जमायला नवशिक्याला आठवडे, कधी महिने लागतात. ती जमली की पायऱ्या, कठडे, बाक, जिन्याचे रेलिंग हे सगळे खेळाचे साहित्य होते. मार्क गोन्झालेस आणि नातास कौपास यांनी १९८० च्या दशकात ते करून दाखवले.

त्यामुळे भांडण शहराशी लागले. संगमरवरी बाकांच्या कडा झिजतात, आवाज होतो, पादचारी घाबरतात, या तक्रारी खऱ्या होत्या. पण शहराच्या ज्या कोपऱ्यात कोणी फिरकत नसे तिथेही हीच मुले तासन्तास असत, हेही खरे होते. फिलाडेल्फियाच्या लव्ह पार्कमध्ये स्केटबोर्डला बंदी झाली तेव्हा त्या चौकाची मूळ कल्पना मांडणारे नगररचनाकार एडमंड बेकन निषेध म्हणून २००२ मध्ये, ९२ व्या वर्षी, दोन्ही बाजूंनी आधार घेऊन तिथे बोर्डवर उभे राहिले. लंडनमध्ये साउथबँकच्या क्वीन एलिझाबेथ हॉलखालची काँक्रीटची मोकळी जागा १९७३ पासून वापरात होती. तिथे दुकाने काढण्याचा बेत २०१३ मध्ये जाहीर झाला तेव्हा खेळाडूंनी सह्यांची प्रचंड मोहीम चालवली आणि पुढच्या वर्षी ती जागा राखली. पोर्टलंडमध्ये बर्नसाइड पुलाखाली १९९० साली काही जणांनी कोणाचीही परवानगी न घेता स्वतःच्या पैशांनी सिमेंट कालवून उतार बांधायला घेतले. काम चांगले दिसल्यावर शहराने मान्यता दिली. त्या कामावर हात बसलेल्यांतले काही पुढे व्यवसायाने स्केटपार्क बांधू लागले.

१९९८ पासून कॅलिफोर्नियात अपघाताची जबाबदारी नगरपालिकांवरून कमी करणारा कायदा लागू झाला आणि सार्वजनिक, विनाशुल्क पार्कांची लाट आली. मधल्या काळात एक्स गेम्स या स्पर्धांमुळे (पहिल्या १९९५ मध्ये) खेळ टेलिव्हिजनवर परतला होता. २७ जून १९९९ रोजी टोनी हॉकने हवेत अडीच फेऱ्यांची, म्हणजे ९०० अंशांची, गिरकी पहिल्यांदा पुरी केली. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये स्केटबोर्डिंग आले. महिलांच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्ण जिंकणारी मोमिजी निशिया १३ वर्षांची होती आणि रौप्य मिळवणारी ब्राझीलची रायसा लियालही १३ वर्षांचीच.

तरी हा मुळात छंदच राहिला. कॅनडाचे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स यांनी १९८० च्या दशकापासून 'गंभीर फुरसत' ही कल्पना मांडली. वेळ घालवण्यापुरती करमणूक वेगळी आणि चिकाटी, कौशल्य व ओळख मागणारा छंद वेगळा, असे ते म्हणतात. छंदांचेही ते गट पाडतात, त्यांतले काही असे: संग्रह करणारे, वस्तू घडवणारे, शरीराने काही करणारे, वाचन-अभ्यास करणारे. स्केटबोर्डिंग यांतल्या एका खणात मावत नाही. जुन्या फळ्यांचे संग्राहक आहेत, उतार बांधणारे सुतार-गवंडी आहेत, मित्रांच्या उड्या टिपता टिपता छायाचित्रकार झालेले आहेत. गिर्यारोहण किंवा पोहणे यांच्याशी त्याचे जवळचे नाते दिसते. समोर प्रतिस्पर्धी लागत नाही, गुण मोजावे लागत नाहीत, आणि रोज एकट्याने तासभर करता येते. फरक एवढाच, की पोहणाऱ्या प्रौढाला कोणी पोरकट म्हणत नाही, स्केटबोर्डवाल्याला पन्नास वर्षे तेच ऐकावे लागले.

भारतात हा नाद अलीकडचा. पुण्या-मुंबईत मुले रोलर आणि इनलाइन स्केटिंगच्या वर्गांना आधीपासून जात होती, स्केटबोर्ड त्यामागून आला. बेंगळुरूच्या होलीस्टोक्ड या गटाने २०१० च्या दशकात स्वतःच्या हातांनी पार्क बांधायला सुरुवात केली. मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात जनवार या खेड्यात जर्मनीच्या उलरीके राइनहार्ड यांनी २०१५ मध्ये पार्क उभारला. नियम दोनच: शाळा बुडवली तर बोर्ड नाही, आणि पहिला हक्क मुलींचा. गुजरातमध्ये २०२२ साली झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत स्केटबोर्डिंगचा समावेश होता.

वय वाढलेल्यांचा प्रश्न शरीराचा असतो. रस्त्यावरच्या उड्यांत प्रत्येक उतरण्याचा हादरा घोट्याला आणि गुडघ्याला बसतो, म्हणून चाळिशीनंतर बरेच जण मोठी, मऊ चाके लावतात आणि बोलकडे वळतात. तिथे पायाने ढकलावे लागत नाही. वक्र भिंतीच्या तळाशी गुडघे वाकवायचे आणि चढ लागताच पाय ताठ करायचे, की झोका घेताना वाढतो तसा वेग आपोआप वाढत जातो. पडलेच तर गुडघ्यांवरच्या कडक टोप्यांवर घसरत खाली येता येते. रॉडनी मलेनच्या उजव्या खुब्याजवळ जखमांचे ताठर ऊतक साचले आणि त्याची जुनी ठेवण मोडली. ते मोकळे करण्यात त्याने काही वर्षे घालवली आणि मग दोन्ही बाजूंनी सारखेच उभे राहता यावे म्हणून सगळे मुळापासून पुन्हा शिकायला घेतले. टोनी हॉकने ९०० ची गिरकी २०१६ मध्ये ४८ व्या वर्षी पुन्हा घेतली. २०२२ मध्ये मांडीचे हाड मोडल्यावरही तो बोर्डवर परतला. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पार्क प्रकारात चीनकडून ११ वर्षांची झेंग हाओहाओ उतरली, तर पुरुषांत दक्षिण आफ्रिकेचा डॅलस ओबरहोल्झर ४९ वर्षांचा होता आणि ब्रिटनकडून खेळणारा अँडी मॅकडोनल्ड ५१ वर्षांचा. मॅकडोनल्ड अंतिम फेरीपर्यंत पोहोचला नाही, १८ वा आला.