अ‍ॅमस्टरडॅममध्ये कोरलेली देवनागरी

हिंगोली-वसमतकडची मुलं आता नोकरीनिमित्त युरोपात जातात आणि सुट्टी मिळाली की अ‍ॅमस्टरडॅम गाठतात. तिथले लाल दिव्यांच्या गल्लीचे, गांजा विकणाऱ्या कॉफीशॉपचे फोटो घरच्यांच्या मोबाइलवर येतात आणि घरचे दचकतात. पण गांजाबाबतची सूट १९७६च्या कायद्यातली. या शहराचा मोकळेपणा त्याहून फार जुना आहे, आणि त्याचा एक धागा थेट आपल्या लिपीपर्यंत येतो.

१६६७ साली अथानासियस किर्शर या जेझुइट पंडिताचा ‘चायना इलस्ट्राटा’ हा लॅटिन ग्रंथ अ‍ॅमस्टरडॅममध्ये निघाला. त्यात देवनागरीची वर्णमाला छापली आहे. हाइनरिश रोट हा जेझुइट आग्र्यात राहून संस्कृत शिकला होता. अक्षरं त्याने पुरवली आणि ती तांब्याच्या पत्र्यावर कोरली गेली. छापील देवनागरीच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी हा एक.

त्या काळी या प्रॉटेस्टंट शहरात कॅथलिकांना उघडपणे प्रार्थना करायला बंदी होती. यान हार्टमन नावाच्या व्यापाऱ्याने कालव्याकाठच्या आपल्या घराच्या माळ्यावर १६६३ मध्ये चर्च थाटलं. बाहेरून पाहिलं तर साधं घर. अधिकाऱ्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी काणाडोळा केला. ते माळ्यावरचं चर्च आज संग्रहालय आहे, आणि ते लाल दिव्यांच्या वस्तीतच आहे. अशा शहरात कॅथलिक जेझुइटाचा ग्रंथ मात्र राजरोस छापला गेला, कारण ग्रंथ खपत होते. ही उदारता व्यापाऱ्याची होती, तिला मर्यादाही होत्या. आद्रियान कूरबाख याने धर्माची परखड चिकित्सा डच भाषेत, सामान्य माणसाला कळेल अशी लिहिली, तर त्याला तुरुंगात टाकलं. १६६९ मध्ये तो तिथेच मेला. तरीही तेव्हाच्या युरोपात इतकी मोकळीक फार थोड्या ठिकाणी होती.

पुढचा दुवा मला सर्वांत मोलाचा वाटतो. मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रेडे याने तिथल्या वनस्पतींवर ‘हॉर्टुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. १६७८ ते १६९३ या काळात तो अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापला गेला. दहाव्या खंडात गांजा आहे, अकराव्यात हळद. शिजवलेल्या, वाळवलेल्या हळदीच्या वासात वाढलेल्या वसमतच्या माणसाला तिचं चित्र पाहताच आपलं वाटेल. या कामात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे कोचीचे तीन कोकणी वैद्य होते. त्यांनी १६७५ मध्ये दिलेली साक्ष पहिल्या खंडात देवनागरीत जशीच्या तशी छापली आहे. गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या छळामुळे अनेक कोकणी कुटुंबं दक्षिणेकडे गेली होती, त्या समाजातले हे वैद्य. गोव्यात छापखाना १५५६ पासून होता, फादर स्टीफन्सचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ही १६१६ मध्ये छापलं गेलं, पण रोमन अक्षरांत. आणि १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने कोकणी बोलण्यावरच बंदी आणली. म्हणजे गोव्यात जी भाषा गुन्हा ठरली, ती सहा वर्षं आधीच अ‍ॅमस्टरडॅममध्ये तिच्या स्वतःच्या लिपीत छापून झाली होती.

मराठीसाठी देवनागरीचे खिळे जुळले ते बंगालमधल्या श्रीरामपूरला, १८०५ मध्ये, विल्यम केरीच्या व्याकरणासाठी. मग १८६९ पासून जावजी दादाजींच्या निर्णयसागराने त्या अक्षरांना देखणेपण दिलं. हिंगोली मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होती. नामदेवांची नरसी याच भूमीत, पण १९२९च्या ‘गश्ती निशाण ५३’ या सरकारी आदेशानुसार साधी सभा घ्यायलाही परवानगी लागे. आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर बंदी आली की ते वेगळ्या नावाने अंक काढत. ही घुसमट निजामाच्या राज्याबरोबर संपली, १७ सप्टेंबर १९४८ ला.

तेव्हा हिंगोलीहून अ‍ॅमस्टरडॅमला जाणाऱ्यांनी गल्ली जरूर पाहावी, पण तिथल्या त्या माळ्यावरही चढावं. ‘हॉर्टुस’चे खंड इंटरनेटवर फुकट पाहायला मिळतात. पहिला खंड उघडा, तीन वैद्यांचं ते पान काढा आणि मोठ्याने वाचा.