आधी हर्निया की आधी प्रोस्टेट?

गेल्या दिवाळीच्या सुमाराला साताऱ्याच्या मामांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. सांगलीत, कारण मावशी तिथे राहते आणि डब्याची सोय होती. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांच्या वेळी डॉक्टरांनी लघवीचं विचारलं. रात्री तीन-चारदा उठावं लागतं असं मामा बोलून गेले आणि रक्ताच्या यादीत पीएसए ही एक तपासणी वाढली. तिचा आकडा नऊच्या वर आला. मग एमआरआय, मग बायॉप्सी. हर्नियाची तारीख पुढे ढकलली. बायॉप्सीत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. त्याचं ऑपरेशन करायचं, रेडिएशन द्यायचं की नुसतं लक्ष ठेवायचं, हे ठरायला अजून काही आठवडे लागणार होते. तेवढ्यात हर्नियाची नवी तारीख मिळाली.

घरात लगेच तीन पक्ष पडले. मामा म्हणाले, "आरं, जे दुखतंय ते आधी उरका, न दुखणाऱ्याचं मागनं बघू." मामी म्हणाल्या, कॅन्सर अंगात असताना हर्नियाचं कसलं घेऊन बसलाय. मावसभावाचा सल्ला होता की एकाच भुलीत दोन्ही करून टाका, खर्चही वाचेल. मामा माझ्याशी या विषयावर बोलायला लाजत होते, पण फाईल मात्र माझ्याच हातात दिली. "तू पीएचडी करतीस ना यात?"

यात नाही. मी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करून शस्त्रक्रियेच्या इतिहासाकडे वळले. मी डॉक्टर नाही, आणि कुणाच्या मामांनी काय करावं हे मी सांगणार नाही. पण ‘आधी कोणतं?’ हा प्रश्न मला अभ्यासात सारखा भेटतो, आणि त्याची उत्तरं दीडशे वर्षांत कशी बदलत गेली ते तुम्हाला सांगण्याजोगं आहे.

मुळात हा प्रश्न पडायला आधी ‘ठरवून केलेली शस्त्रक्रिया’ असावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तशी ती फारशी नव्हतीच. ईथरची भूल १८४६ मध्ये आली, लिस्टरचं जंतुनाशकांवरचं लेखन १८६७ मध्ये. त्याआधी हर्नियाला सर्जन हात लावायचा तो आतडं अडकून माणूस मरायला टेकला तर. एरवी पट्टा बांधून आयुष्य काढायचं. इटलीच्या एदुआर्दो बासिनी यांनी जांघेतल्या हर्नियाची भरवशाची दुरुस्ती १८८०च्या दशकात करून दाखवली. त्यानंतरच ‘पुढच्या महिन्यात करू’ असं म्हणण्याची सोय झाली. वाट पाहता येणं ही आधुनिक गोष्ट आहे.

जवळपास त्याच काळात आपल्या भागात काय घडलं बघा. विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर १८८९ मध्ये भारतात आले. १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत वैद्यकीय मिशनचं काम उभं केलं आणि १८९७ मध्ये तिथेच वैद्यकीय शाळा काढली. मिरज तेव्हा पटवर्धनांचं संस्थान. रेल्वेमुळे लांबलांबचे रुग्ण पोचायचे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी मिरजेचं नाव झालं. आज मिरजेत पावलोपावली दवाखाने दिसतात, त्याची सुरुवात तिथे आहे. जवळपास चाळीस वर्षं वानलेस तिथे होते. आजची सांगली-मिरज ही तारीख घेऊन, डबा बांधून ऑपरेशनला जायची ठिकाणं आहेत. ही सवय आपल्या आजोबा-पणजोबांपासूनची आहे.

आता प्रोस्टेटकडे येऊ. ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी बसलेली असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. वय वाढतं तशी ती फुगते. हे फुगणं म्हणजे कॅन्सर नव्हे, पण वाट अरुंद होते. मग लघवीला कुंथावं लागतं, आणि सतत कुंथून जांघेतला कमकुवत भाग फाकतो. म्हणून हर्निया घेऊन आलेल्या म्हाताऱ्या माणसाला लघवी, बद्धकोष्ठ आणि खोकला या तिन्हींबद्दल विचारायचंच, हे आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांत आजही घोटून घेतात. मामांचा कॅन्सर या जुन्या शिस्तीमुळेच सापडला. आणि त्या शिस्तीचं उत्तरही ठरलेलं होतं, आधी लघवीची वाट मोकळी करा, मग हर्निया शिवा. नाहीतर शिवलेलं पुन्हा फाटायचं.

पण वाट मोकळी करायची कशी? इथे एक गंमतीचा दुवा हिंदुस्थानाशी आहे. पीटर फ्रेयर हे आयरिश सर्जन वीसेक वर्षं इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये उत्तरेकडे होते आणि मूतखड्याच्या शस्त्रक्रियांत त्यांचा हात बसला होता. लंडनला परतल्यावर डिसेंबर १९०० मध्ये त्यांनी ओटीपोटातून मूत्राशय उघडून, बोटाने फुगलेली प्रोस्टेट सोलून बाहेर काढली. शोध त्यांचा एकट्याचा का यावर बरेच वाद झाले, ते सोडून देऊ. पण पद्धत त्यांच्या नावाने चालली.

मात्र अनेक रुग्ण या ऑपरेशनमध्ये दगावत. लघवी तुंबून त्यांचे मूत्रपिंड आधीच थकलेले असत. मग सर्जनांनी एकाच ऑपरेशनचे दोन भाग केले. पहिल्या वेळी फक्त ओटीपोटातून नळी घालून लघवी बाहेर काढायची. मग काही आठवडे थांबायचं. रक्तातला युरिया उतरला, माणूस जेवायला-खायला लागला, की दुसऱ्या वेळी ग्रंथी काढायची. मला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो. मधले आठवडे वाया जात नव्हते, ते उपचाराचाच भाग होते. नळी घेऊन वॉर्डात बसलेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना मात्र ते पटवणं सोपं गेलं नसणार. मामींनाही पटत नव्हतं.

इथपर्यंत कॅन्सर जवळजवळ कुठेच नाही. याचं एक कारण अगदी साधं आहे. स्वातंत्र्याच्या सुमाराला भारतातलं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षांचं होतं. प्रोस्टेटचा कॅन्सर हा बहुतेक साठीनंतरचा आजार, त्या वयाला पोचणारेच थोडे. जे पोचत ते हाडं दुखायला लागल्यावर येत, म्हणजे आजार पसरल्यावर. १९४१ मध्ये शिकागोत चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवलं की हा कॅन्सर पुरुषी हॉर्मोनवर जगतो. वृषणं काढली किंवा इस्ट्रोजेन दिलं की तो मागे हटतो. हगिन्स यांना त्यासाठी १९६६ चं नोबेल मिळालं. योगायोग म्हणजे मुंबईचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं तेही १९४१ मध्येच. पुढे कितीतरी वर्षं साताऱ्या-सांगलीच्या माणसासाठी कॅन्सर म्हणजे ‘टाटाला नेलं’. त्या शब्दांतच निकाल लागलेला असायचा. मामींची भीती तिथून आलेली आहे, आणि ती खोटी नाही. त्यांनी पाहिलेले कॅन्सर उशिरा सापडलेलेच होते.

पण याच आजाराची दुसरी बाजू त्याआधीच दिसली होती. १९३५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या अरनॉल्ड राइस रिच यांनी इतर कारणांनी वारलेल्या पन्नाशीपुढच्या पुरुषांच्या प्रोस्टेट तपासल्या. सुमारे १४ टक्क्यांत कॅन्सर होता आणि त्याचा जिवंतपणी कुणाला पत्ताही नव्हता. म्हणजे एकाच नावाखाली दोन आजार होते. एक हाडांत पोचून जीव घेणारा, दुसरा माणसाबरोबर म्हातारा होऊन त्याच्याबरोबरच जाणारा. त्यांतला कोणता समोर आहे ते ओळखायचं कसं? डोनाल्ड ग्लिसन यांनी १९६६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना कशी दिसते यावरून श्रेणी लावायची पद्धत दिली. मामांच्या रिपोर्टवर ‘ग्लिसन ३+३’ लिहिलं होतं ते तेच. आज या मोजणीतली ही सगळ्यात खालची पायरी आहे.

मग पीएसए आलं. अमेरिकेत १९८६ मध्ये उपचारांवर नजर ठेवण्यासाठी आणि १९९४ मध्ये कॅन्सर शोधण्यासाठी त्याला परवानगी मिळाली. एका रक्ताच्या थेंबावर लाखो पुरुष रुग्ण झाले. सापडला म्हणजे काढा, असं दशकभर चाललं. लघवीवरचा ताबा गेला, संसार बिनसले, आणि त्यांतल्या किती जणांना मुळात त्याची गरज होती? हे तपासायला ब्रिटनमध्ये १९९९ पासून ‘प्रोटेक्ट’ नावाची चाचणी सुरू झाली. १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं तीन गटांत वाटलं. एका गटाचं ऑपरेशन, एकाला रेडिएशन, एकावर नुसतं लक्ष. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचा हिशेब आला. प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले सगळे मिळून २.७ टक्के, आणि तिन्ही गटांत त्याबाबतीत ठळक फरक नाही. लक्ष ठेवलेल्यांत आजार पसरण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं, हे लपवायचं कारण नाही. शिवाय हे लवकर सापडलेल्या, ग्रंथीतच असलेल्या कॅन्सरबद्दल आहे. हाडं दुखत आलेल्या माणसाला हा हिशेब लागू नाही.

मामींना मी हा आकडा सांगितला. त्यांनी विचारलं, "त्या २.७ मध्ये हे नसतील कशावरून?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण यातून एक गोष्ट हाती लागते. अशा कॅन्सरमध्ये ठरवायला काही आठवडे, कधी काही महिनेही मिळतात. सांगलीने हे २०२० मध्ये पाहिलं आहे. मार्चमध्ये इस्लामपूरला एकाच घरातून कोरोना पसरला आणि जिल्ह्याची हॉस्पिटलं त्यातच गुंतली. तेव्हा जगभर सर्जनांच्या संघटना कोणतं ऑपरेशन थांबू शकतं याच्या याद्या करत होत्या. कमी जोखमीचा प्रोस्टेट कॅन्सर थांबू शकणाऱ्यांत होता. अडकलेला हर्निया कुणीच थांबवला नाही. मामांचं ‘दुखतंय ते आधी’ इतकं अडाणी नव्हतं म्हणायचं.

तरी ‘मग हर्निया उरकून घ्या’ असं सरळ म्हणता येत नाही. कारण एक ऑपरेशन दुसऱ्याची जागा बिघडवतं. दुर्बिणीतून हर्निया करताना जाळी पोटाच्या भिंतीच्या आतल्या बाजूला बसवतात. पुढे प्रोस्टेट काढायची वेळ आली तर सर्जनला नेमकी तीच जागा मोकळी करावी लागते. जाळीभोवती सगळं चिकटून बसलेलं असतं, आणि लसीका ग्रंथी काढणं तर फारच अवघड होतं. समोरून, उघड्या पद्धतीने केलेल्या हर्नियात ही अडचण तेवढी येत नाही. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी २००१ मध्ये जाळी न वापरता पोटाच्याच स्नायूपडद्याची पट्टी वापरायची पद्धत प्रसिद्ध केली, तीही समोरूनच. उलट बाजूने, प्रोस्टेट काढल्यावर काही जणांना नव्याने जांघेत हर्निया होतो. म्हणून मावसभावाचं ‘एकदमच करा’ हे काही ठिकाणी खरंच करतात. पण त्यासाठी प्रोस्टेट काढायचीच हे आधी ठरलेलं हवं.

बायॉप्सीचंही तसंच. गुदमार्गातून सुई घातली तर आतड्यातले जंतू रक्तात जाऊ शकतात. आपल्याकडे ई. कोलाय नेहमीच्या गोळ्यांना दाद देईनासा झालाय, हे मी एम.एस्सी.ला प्लेटांवर रोज बघायचे. त्यामुळे बायॉप्सी झाल्या झाल्या शरीरात जाळी किंवा धातूचा गुडघा बसवायला सर्जन कचरतात, मध्ये काही आठवडे सोडतात. खुबा बदललेला असेल तर त्याचा धातू एमआरआयच्या चित्रात आणि रेडिएशनच्या आखणीत अडथळा आणतो. हृदयात स्टेंट असेल तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या लगेच थांबवता येत नाहीत.

मला सगळ्यात नवल वाटलं ते मोतीबिंदूचं. लघवी सुटी व्हावी म्हणून देतात त्या टॅमसुलोसिनच्या गोळीने डोळ्यातली बाहुलीभोवतीची पडदी ढिली पडते आणि मोतीबिंदू काढताना फडफडते. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिड चँग आणि जॉन कॅम्पबेल यांनी हे २००५ मध्ये पहिल्यांदा मांडलं. गोळी बंद करूनही परिणाम बराच काळ टिकू शकतो. पण आधी सांगितलं तर डोळ्यांचे सर्जन तयारीने उतरतात. मामांचा डावा डोळा अजून व्हायचाय, आणि ती गोळी त्यांना दोन वर्षांपासून सुरू होती. डोळ्यांच्या डॉक्टरांना त्यांनी फक्त बीपीची गोळी सांगितली होती. लघवीची गोळी डोळ्यांच्या डॉक्टरला कोण सांगतं?

शेवटी मामी आणि मी एका कागदावर तिन्ही दुखणी, सगळ्या गोळ्या आणि झालेल्या तपासण्यांच्या तारखा लिहिल्या आणि तो कागद दोन्ही सर्जनांपुढे ठेवला. हर्नियाचे डॉक्टर प्रोस्टेटच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले, आमच्यासमोरच, पाच मिनिटं. हर्निया दुर्बिणीतून न करता समोरून करायचा ठरला, बायॉप्सीनंतर दीड महिन्याने, कमरेत सुई देऊन. तो पौषात झाला. प्रोस्टेटवर सध्या लक्ष ठेवलंय. दर तीन महिन्यांनी पीएसए, आणि वर्षाने पुन्हा बायॉप्सी. मामींना अजून ते पटलेलं नाही. रिपोर्टच्या आदल्या दिवशी त्या उपास करतात. मामा मात्र आता फोनवर आकडा स्वतःच सांगतात, आधी तो आणि मग पावसाचं.