केन फॉलेट यांच्या 'सेंच्युरी' मालिकेचा शेवट फिका का पडला?

दोन जाडजूड कादंबऱ्या झपाटल्यासारख्या वाचून काढायच्या आणि तिसरीत मात्र मन रमायचंच नाही, असं का होतं? केन फॉलेट यांची 'सेंच्युरी' ही ऐतिहासिक थरारकथांची मालिका याचं चांगलं उदाहरण आहे.

मालिका नेमकी काय आहे?

फॉलेट हे मूळचे वेल्सचे. १९७८ च्या 'आय ऑफ द नीडल' या हेरकथेने त्यांचं नाव जगभर झालं. 'सेंच्युरी'मध्ये त्यांनी अमेरिका, जर्मनी, रशिया, इंग्लंड आणि वेल्समधल्या पाच कुटुंबांमधून विसावं शतक मांडलं. 'फॉल ऑफ जायंट्स' २०१० मध्ये, 'विंटर ऑफ द वर्ल्ड' २०१२ मध्ये आणि शेवटची 'एज ऑफ इटर्निटी' २०१४ मध्ये आली.

आधी काय जमलं होतं?

पहिल्या भागात इंग्रज मॉड आणि जर्मन वॉल्टर १९१४ मध्ये गुपचूप लग्न करतात आणि लगेच त्यांचे देश एकमेकांचे शत्रू होतात. युद्ध कोण जिंकणार, हे आपल्याला माहीत असतं. हे दोघं पुन्हा भेटणार का, हे माहीत नसतं. ऐतिहासिक थरारकथेत वाचक अडकतो तो इथेच.

मग गडबड कुठे झाली?

आधी वर्षांचा हिशोब बघा. पहिला भाग १९११ ते १९२४, म्हणजे १३ वर्षांचा. दुसरा १९३३ ते १९४९, म्हणजे १६ वर्षांचा. तिसरा थेट १९६१ ते १९८९, तब्बल २८ वर्षांचा! वर २००८ चा उपसंहार. बर्लिनची भिंत, क्युबाचं क्षेपणास्त्र संकट, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या, व्हिएतनाम युद्ध... एका घटनेत जीव गुंततोय तोवर पुढची हजर.

दुसरी अडचण पात्रांच्या जागेची. जॉर्ज जेक्स रॉबर्ट केनेडींकडे कामाला, मारिया थेट राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या प्रेमात, दिम्का ख्रुश्चेव्ह यांचा सहायक. मोठे निर्णय मोठी माणसं घेतात आणि आपली पात्रं बऱ्याचदा शेजारी उभी राहून बघतात. केनेडींचं काय होणार हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. मग धाकधूक उरते कुठे?

म्हणजे वाचायचीच नाही का?

वाचा, निदान बर्लिनसाठी तरी. आपला नवरा पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांत, म्हणजे 'स्टासी'त आहे, हे रेबेकाला सुरुवातीलाच कळतं. तिचा भाऊ वॉली भिंतीपलीकडे निसटतो, पण त्याची गरोदर प्रेयसी अलीकडेच राहते. भिंत १९८९ मध्ये पडणार, हे माहीत असूनही इथे पानं भराभर उलटतात, कारण तोवर या माणसांचं काय होणार, ते आपल्याला माहीत नसतं.

शेवटचा भाग फिका वाटतो, तो हाच धागा बाकीच्या गर्दीत हरवल्यामुळे.