खामगावची तार आणि भावाची खबर

मंडळी, कापूस घरात येऊन पडला की आपल्याकडे पहिला प्रश्न एकच : "आज भाव काय?" बुलढाणा जिल्ह्याचा दीडशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरला आहे, असे म्हटले तरी चालेल.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या. भाव चढले, मुंबईत पैसा खेळू लागला, शेअरांचे वायदे सुरू झाले. १८६५ मध्ये युद्ध संपले तसा भाव उतरला. १ जुलै १८६५ ला पुरे व्हायचे वायदे कोसळले आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. युद्ध संपल्याची खबर ज्याला आधी कळली तो सावरला. ज्याला उशिरा कळली त्याच्या गळ्यात महाग माल पडला.

पुढे १८७० साली जलंब ते खामगाव हा आठ मैलांचा लोहमार्ग सुरू झाला. तो खास कापसासाठीच होता. त्याच वर्षी मुंबईहून एडन-सुएझमार्गे विलायतेपर्यंत समुद्रातून तार जोडली गेली. जी खबर बोटीने यायला आठवडे लागत, ती आता काही तासांत येऊ लागली. खामगावच्या बाजारातली बोली लिव्हरपूलच्या भावाशी बांधली गेली. पण तार वाचत होता व्यापारी. गाडीवर बसलेल्या शेतकऱ्याच्या हाती ती नव्हती. उघडी बोली, ठरलेली अडत आणि खरे माप यांसाठी वऱ्हाडात १८९७ साली बाजाराचा कायदा करावा लागला.

याच कापसावर मुंबईत 'तेजी-मंदी'चे सौदे होत. समजा, भाव आज सात हजार आहे. तुम्ही दोनशे रुपये नजराणा देऊन महिनाभरात सात हजारालाच माल घेण्याचा हक्क विकत घेतलात. भाव साडेसात हजार झाला तर नजराणा वजा जाता तीनशे तुमचे. भाव पडला तर गेले ते दोनशेच. ही झाली तेजी. विकण्याचा हक्क घेतला तर ती मंदी. नजराणा घेऊन हक्क विकणाऱ्याचा धोका मात्र फार मोठा असतो. आज शेअरबाजारात ज्याला 'ऑप्शन' म्हणतात तो हाच सौदा, आणि 'प्रीमियम' म्हणजे तो नजराणा.

हा व्यवहार जुगाराकडे झुकतो म्हणून मुंबई सरकारने १९३९ साली कापसातल्या अशा सौद्यांवर बंदी घातली. १९५२ च्या कायद्याने मालातले आणि १९५६ च्या कायद्याने शेअरांतले ऑप्शन देशभर बंद झाले. शेअरांवरची बंदी १९९५ मध्ये उठली आणि २००१ पासून ते सौदे राजरोस सुरू झाले.

आता आजची गोष्ट सांगतो. माझा एक विद्यार्थी भेटायला आला. बापाने कापूस विकून पेरणीसाठी ठेवलेला पैसा त्याला ऑप्शनमध्ये लावायचा होता. मी विचारले, "कोणाच्या भरवशावर?" मोबाइल पुढे करून म्हणाला, "सर, मले हेच सांगते ना!"

मोबाइलमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस होता. त्याने एका शेअरच्या ऑप्शनचा नजराणा अगदी पैशापर्यंत सांगितला होता. मी म्हटले, "त्याला विचार, हा आकडा कुठला, किती वाजताचा?" पोराने विचारले. उत्तर आले की ताजा भाव पाहण्याची सोय त्याच्याकडे नव्हती. आकडा अंदाजाचा होता.

मंडळी, हे नीट समजून घ्या. हा मदतनीस म्हणजे पुष्कळ वाचलेला मुनीम. वाचन जुने, बाजार आजचा. म्हणून त्याच्या हाती एक साधन द्यावे लागते. शेअरचे नाव, मुदतीची तारीख आणि ठरलेली किंमत त्याने सांगितली की ते साधन बाजाराच्या नोंदीत पाहून नजराणा, उभे सौदे आणि वेळ आणून देते. अशी साधने कोणत्याही मदतनिसाला जोडता यावीत म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरात एक खुला नियमसंच प्रसिद्ध झाला. म्हणजे जी तार पूर्वी व्यापाऱ्याच्या पेढीवर यायची, ती आज कोणाच्याही खिशात येऊ शकते. ही गोष्ट लहान नाही.

पण तार खरी असली म्हणजे सौदा शहाणपणाचा होतो असे नाही. सेबीने २०२४ मध्ये हिशेब मांडला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर. यातल्या बहुतेकांना भाव ठाऊक नव्हता असे थोडेच आहे?

शिक्षकांना माझी विनंती आहे. मुलांना एवढी सवय लावा : आकडा दिसला की तो कुठून आला, किती वाजताचा आणि चुकला तर कोणाचे जाईल, हे तीन प्रश्न विचारायचे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणतेही साधन आणून देणार नाही.

माझ्या विद्यार्थ्याने ते उत्तर स्वतःच दिले. म्हणाला, "बाबाचं जाईन, सर." त्या पैशाचे बियाणे आले. मृगात पेरणी झाली.