फी-माफी आणि गरजेची रेषा

गरीब मुलाला कॉलेजात जाण्यासाठी मिळणारी मदत ही दया की हक्क, हा प्रश्न आपल्याकडे शंभरांहून अधिक वर्षे चालत आलेला आहे. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. हमाल-मापाड्यांच्या संघटनेत आमचे आयुष्य गेले, आणि जे काही वाचले ते कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता वाचले. परंतु ज्या अर्थी दर जून महिन्यात आमच्या वाशीम जिल्ह्यातील शेकडो आईबाप उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत हेलपाटे घालतात, त्या अर्थी त्या दाखल्याचा इतिहास सर्वांनी जाणून घेणे इष्ट आहे.

या वादाचा पहिला स्पष्ट उच्चार जोतीराव फुले यांनी केला. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की, चढाओढीच्या परीक्षेवर शिष्यवृत्ती देणे वरवर न्याय्य दिसले, तरी त्यामुळे मागे राहिलेल्या वर्गांत विद्या पसरत नाही. ज्यांच्या घरी पूर्वीपासून अक्षर आहे, तेच ती जिंकून नेतात. शिष्यवृत्ती हुशारीला द्यायची की गरजेला, हा मुद्दा तेव्हाच असा उघडा पडला.

त्यानंतरचा काळ राजाश्रयाचा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना दरमहा २५ रुपये दिले आणि १९१३ साली त्यांना अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात पाठविले. या मदतीचे मोल कोण नाकारील? पण तिला संस्थानची नोकरी करण्याच्या कराराची दोरी बांधलेली होती. शिवाय असा राजा भेटणे हा योगायोग. ज्याला तो भेटला नाही, त्याने काय करावे?

कोल्हापुरात शाहू महाराजांनी आणखी एक गोष्ट ओळखली. खेड्यातल्या मुलाला शाळेची फी अडवते त्याहून अधिक शहरातील भाकरी आणि निवारा अडवतो. म्हणून १९०१ सालच्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून तेथे जातीजातींची वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात बोर्डिंग काढले, आणि १९४७ साली निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग रुजविला. आमच्या वऱ्हाडात तेच कार्य डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय आणि श्री शिवाजी शिक्षण संस्था यांच्या द्वारे केले. या मंडळींनी गरज म्हणजे काय, हे कागदावर नव्हे, तर ताटावर मोजले.

दानाचे रूपांतर हक्कात होण्यास सरकार मध्ये पडावे लागले. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी तसा आग्रह धरला, आणि १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे तिच्यात आदिवासी विद्यार्थीही आले. एके काळी ज्याला महाराजांकडे मागावे लागले, त्याने सरकारला द्यावयास लावले!

वऱ्हाड १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९५९ साली मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या कारकिर्दीत घरच्या उत्पन्नावर फी-माफी देण्याचे धोरण निघाले. त्याची मर्यादा प्रथम वर्षाला ९०० रुपये होती, पुढे ती १२०० झाली. म्हणजे महिन्याला १०० रुपये मिळविणाऱ्याचा मुलगा फीशिवाय शिकू लागला. जात कोणतीही असो, गरिबी हाच निकष. बोलीभाषेत ‘ईबीसी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सवलतीने कित्येक घरांतला पहिला पदवीधर घडविला.

मात्र येथूनच रेषेचे राज्य सुरू झाले. कारंजाचा कापूस-बाजार १८८६ पासून नियमांखाली आहे, आणि काट्याची खोड काय असते हे आमच्या मापाड्यांना सांगावे लागत नाही. उत्पन्नाच्या काट्यालाही तीन खोडी आहेत. पहिली अशी की, पगारदाराचा पैसा चिठ्ठीवर दिसतो, दुकानदाराचा दिसत नाही, आणि कोरडवाहू शेतकऱ्याचा तर अंदाजानेच धरला जातो. दुसरी अशी की, रेषेच्या अलीकडे सवलत, आणि एका रुपयाने पलीकडे गेला की काहीच नाही. अमेरिकेने १९७२ साली जी गरजेनुसार अनुदानाची योजना आखली, तिच्यात उत्पन्न वाढेल तसे अनुदान हळूहळू घटते; माणूस कड्यावरून खाली पडत नाही.

तिसरी खोड आम्हा चळवळीतल्यांना सर्वांत अधिक बोचते. मजुराचा महागाई भत्ता निर्देशांकाबरोबर वाढतो. ती रेषा मात्र वर्षानुवर्षे तेथेच राहते. भत्ता वाढला म्हणजे मजूर श्रीमंत झाला असे नव्हे, फक्त ज्वारी महागली. पण कागदावर तो रेषा ओलांडतो आणि मुलीची सवलत जाते. लढून मिळविलेली पगारवाढ अशी फीच्या पावतीत परत जाताना आम्ही पाहिली आहे.

मर्यादा हलत नाही असे नाही. ती उशिरा आणि दबावाखाली हलते. २०१६ साली राज्यभर मोर्चे निघाले, तेव्हा ईबीसीची मर्यादा १ लाखावरून ६ लाखांवर गेली, आणि पुढे ८ लाखांवर. पंजाबरावांच्या नावे वसतिगृह निर्वाह भत्ताही आला. शाहू महाराजांचे जुने तत्त्व सरकारला पुन्हा आठवले, असे म्हणावे लागेल. २०२४ साली ८ लाखांच्या आतील अनेक घरांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ झाली. हे सर्व स्वागतार्ह आहे.

पण मानोऱ्याच्या तांड्यावरील किंवा रिसोडच्या शेतमजुराच्या घरातील मुलाला पैसे परीक्षा झाल्यावर मिळून काय उपयोग? खोलीचे भाडे आणि खाणावळीचे बिल तोवर थांबत नाही. तेव्हा मर्यादा महागाईशी बांधावी, मदत पायरीपायरीने घटावी, आणि पहिला हप्ता प्रवेशाच्या वेळीच हाती पडावा, या तीन मागण्या कोणा एका जातीच्या वा पक्षाच्या नव्हेत. हक्क ठरावात मिळतो, पण तो दाराशी वेळेवर आणून घेण्याचे काम नागरिकांनाच करावे लागते. या सभेतील ज्यांना अर्ज लिहिता येतो, त्यांनी येत्या जूनमध्ये शेजारच्या एका तरी मुलाचा अर्ज भरून द्यावा, एवढीच विनंती करून आम्ही थांबतो.