ऑर्ग-मोड : नियोजनाची साधी वही

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातल्या स्नोबर्ड येथे १७ सॉफ्टवेअर-जाणकारांनी ‘अ‍ॅजाइल’ या सॉफ्टवेअर घडवण्याच्या कार्यपद्धतीचा जाहीरनामा तयार केला. मात्र या कार्यपद्धतीचे एक प्रमुख साधन त्याआधीच वापरात रुळले होते, आणि ते म्हणजे कागदाचे छोटे कार्ड. क्रायस्लर कंपनीच्या वेतन-प्रणालीवर केंट बेक यांच्या नेतृत्वाखाली १९९६ पासून जे काम झाले, त्यातून ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ ही पद्धत आकाराला आली. तीत ग्राहकाची एकेक गरज, म्हणजे ‘स्टोरी’, एकेका कार्डावर लिहीत, आणि जागा थोडी असल्याने उरलेला तपशील समोरासमोर बोलूनच ठरवावा लागे. अपुरी जागा हाच त्या कार्डाचा खरा गुण होता. पुढे संगणकावरील नियोजन-प्रणालींत कार्डाचा रकान्यांनी भरलेला अर्ज झाला आणि हा गुण बराचसा हरवला.

अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये स्वतःची टिपणे व कामे एकत्र ठेवण्यासाठी ‘ऑर्ग-मोड’ लिहिले, तेव्हा त्यांच्यासमोर सॉफ्टवेअर-चमू नव्हता. तरीही कार्डाचा साधेपणा त्यात पुन्हा अवतरला. ईमॅक्स या १९७० च्या दशकात एमआयटीत जन्मलेल्या मजकूर-संपादकात ते चालते आणि २००७ मधील बाविसाव्या आवृत्तीपासून त्याच्यासोबतच मिळते. ऑर्ग-मोडची फाइल साध्या मजकुराची, म्हणजे कोणत्याही संपादकात उघडणाऱ्या निव्वळ अक्षरांची असते. ओळीच्या आरंभी एक तारांकन दिले की ते शीर्षक होते, दोन दिले की उपशीर्षक. तारांकनापुढे ‘टूडू’ लिहिले की तेच शीर्षक करावयाचे काम ठरते. त्यामुळे ‘स्प्रिंट’ला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कार्यखंडाला, एक शीर्षक द्यावे आणि त्याखाली स्टोऱ्या मांडाव्यात, एवढ्यावर नियोजन उभे राहते. प्रत्येक कामाशी वेळेचा अंदाज नोंदवता येतो, काम सुरू करताना व थांबवताना घड्याळाची नोंद त्याच शीर्षकाखाली होते, आणि स्तंभदृश्यात अंदाज व प्रत्यक्ष वेळ शेजारीशेजारी दिसून त्यांची बेरीजही मिळते.

चमूच्या दृष्टीने मात्र या वहीत एक उणीव राहिली, आणि ती किरकोळ नव्हे: भिंतीवर लावलेले कार्ड येताजाता सर्वांना दिसते, फाइल मुद्दाम उघडावी लागते. आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत ती ठेवली, तर कोणी कोणती ओळ केव्हा बदलली हे नेमके कळते, पण भिंतीसमोर उभे राहून होणारे बोलणे त्यातून घडत नाही.