रेडिओपाठ, द्विभाषिक वाचनाचे

रेडिओपाठ, द्विभाषिक वाचनाचे : घरची आणि शाळेची अशा दोन भाषांत लहान मुलांना वाचायला शिकवण्यासाठी आकाशवाणीवरून किंवा ध्वनिमुद्रणावरून ऐकवले जाणारे पाठ. सर्वसाधारणपणे पहिली ते तिसरीचे वर्ग यात धरले जातात. प्रौढ साक्षरता व कृषिप्रसारण यांचा विचार येथे केलेला नाही.

तंत्र : रेडिओला अक्षर दाखवता येत नाही, मग तो वाचन कसे शिकवणार, हा पहिला आणि रास्त आक्षेप आहे. त्याचे उत्तर वाचनाच्या घडणीत आहे. मूल वाचायला शिकते तेव्हा ते आधी शब्दातले आवाज सुटे करते आणि मग त्यांची चिन्हांशी गाठ घालते. पहिले काम सर्वस्वी कानाचे असते. ‘मका’ आणि ‘मासा’ यांचा पहिला आवाज एकच आहे हे ओळखायला पाटी लागत नाही. दुसऱ्या कामाला मात्र छापील पान हवेच. ‘कि’ लिहिताना वेलांटी व्यंजनाच्या आधी येते आणि उच्चार नंतर होतो, ही गोष्ट कितीही वेळा ऐकवली तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून चांगल्या पाठात मुलांच्या हाती पान असते, वर्गात शिक्षक असतो आणि निवेदनात मुद्दाम सोडलेले विराम असतात. ‘चित्राखालच्या पहिल्या शब्दावर बोट ठेवा. वाचा.’ एवढे सांगून निवेदिका थांबते, वर्ग वाचतो आणि मग ती शब्द उच्चारते. विराम तोकडा पडला की मुले वाचायचे सोडून निवेदिकेमागून म्हणू लागतात आणि पाठाचे पाठांतर होते. दुसऱ्या भाषेतील शब्दासाठी तो अधिक लांब ठेवावा लागतो. पाठ लिहिणाऱ्याचे खरे कौशल्य या विरामांत दिसते. साठ मुलांत कोण चुकले, हे मात्र रेडिओला ऐकू येत नाही. ते शिक्षकानेच ऐकायचे असते.

पूर्वपीठिका : विराम सोडून मुलांकडून उत्तर घेण्याची ही रीत १९७४ मध्ये निकाराग्वात सुरू झालेल्या गणिताच्या रेडिओ प्रकल्पातून रूढ झाली. केनियात १९८० ते १९८५ या काळात तीच रीत पहिली ते तिसरीच्या इंग्रजीसाठी वापरली गेली. तेथील मुलांची प्रगती ऐकण्यात व वाचनात ठळकपणे दिसली. भारतात जयपूर व अजमेर जिल्ह्यांतील सुमारे ५०० प्राथमिक शाळांत १९७९-८० च्या सुमारास प्रथमभाषा हिंदीचे पाठ रेडिओवरून देण्यात आले.

महाराष्ट्र : राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाल्यावर, ज्या शिक्षकांना ती बोलण्याचा सराव नव्हता त्यांच्यावरही ती शिकवण्याची वेळ आली. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेची ‘वी लर्न इंग्लिश’ ही ध्वनिपाठांची मालिका ही उणीव भरून काढणारी आहे. तिचा भर ऐकण्याबोलण्यावर आहे, त्यामुळे वाचनाचे श्रेय तिला देताना सावध राहिले पाहिजे. २०२० मध्ये शाळा बंद असताना आकाशवाणी नागपूर आणि ‘प्रथम’ ही संस्था यांनी ‘शाळेबाहेरची शाळा’ हा रेडिओ कार्यक्रम चालवला. त्याच काळात पालघर जिल्ह्यातील दांडवळ येथे दिगंत स्वराज फाउंडेशनने ध्वनिवर्धकावरून ‘बोलकी शाळा’ भरवली. सहा गावांतील हजाराहून अधिक मुलांपर्यंत ती पोहोचली आणि तिच्या पाठांत इंग्रजीही होती. १ ऑगस्ट २०१४ पूर्वी हा भाग ठाणे जिल्ह्यातच होता, म्हणून पुढे ज्याचा विचार केला आहे त्या ठाणे जिल्ह्यातील शहाड परिसराच्या संदर्भात हे उदाहरण सर्वांत जवळचे ठरते.

दूरचित्रवाणी : ‘बालचित्रवाणी’ ही नोंद पाहावी.

शहाड परिसर : मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरचे शहाड कल्याण आणि उल्हासनगर यांच्या सीमेवर आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांच्या छावणीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. सेंच्युरी रेयॉनसारख्या कारखान्यांमुळे कामगारवस्ती वाढली. परिणामी आगरी बोलीसह मराठी, हिंदी आणि सिंधी या भाषा येथे शेजारीशेजारी नांदतात. सिंधी अरबी व देवनागरी अशा दोन्ही लिपींत लिहिली जाते, हा प्रश्न आणखी वेगळा आहे.

अशा वस्तीत ‘दोन भाषा’ म्हटले की मराठी-इंग्रजी हीच जोडी गृहीत धरली जाते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. मराठी शाळेत बसलेल्या हिंदीभाषक मुलाची पहिली अडचण मराठीच असते. त्याला लिपी जवळजवळ आयती मिळते. अडते ते उच्चारात आणि अर्थात. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च लिहायला एकच असला तरी बोलताना वेगळा आहे. हा फरक पान दाखवू शकत नाही, रेडिओ ऐकवू शकतो. ‘ळ’चा उच्चारही ऐकूनच कळतो. इंग्रजीत अडचण उलट बाजूने येते. देवनागरी अक्षराचे नाव हाच बहुधा त्याचा आवाज असतो, रोमन अक्षराचे तसे नाही. ‘एम’ म्हणायचे आणि ‘म्’ वाचायचे, हे मुलाच्या कानावर वेगळे करून घालावे लागते.

दोन भाषांनी लहान मूल गोंधळते, हा आक्षेप पालक व शिक्षक नेहमी घेतात. ऐकणे आणि वाचणे यांत भेद केला तर त्याचे बळ कमी होते. दुसरी भाषा ऐकणे पहिल्या दिवसापासून चालते. तिची लिपी वेगळी असेल तर पहिल्या लिपीतले वाचन सफाईने जमू लागल्यावरच ती आणावी. आवाज सुटे करण्याचे कसब एका भाषेतून दुसरीत जाते, अक्षरांचे आकार जात नाहीत. मोबाइल आल्यावर रेडिओ कशाला, या आक्षेपात तथ्य आहे. ठरलेल्या वेळेचा पाठ सकाळ-दुपार भरणाऱ्या शाळेत एकाच पाळीला मिळतो आणि चुकला की गेला. मध्यम लहरींवर विजेच्या उपकरणांची खरखरही येते. परंतु हे दोष प्रसारणाचे आहेत, ध्वनिपाठाचे नव्हेत. तोच पाठ ध्वनिमुद्रित करून एका ध्वनिवर्धकावर संपूर्ण वर्गाला ऐकवता येतो. घरातला एकुलता मोबाइल पालकाबरोबर कामावर जातो, तेव्हा ही सोय मोलाची असते.

पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासननिर्णय २०२५ च्या एप्रिलमध्ये निघाला आणि वादानंतर जूनअखेरीस मागे घेतला गेला. त्या वादाशी येथील मुद्द्याची गल्लत होऊ नये. येथे हिंदी हा विषय नसून हिंदीतून सूचना देऊन मराठी वाचायला शिकवणे हा मुद्दा आहे. शहाडसारख्या ठिकाणी पाठ तयार करणाऱ्यांनी अशी हिंदीतून मराठी वाचन शिकवणारी मालिका आधी हाती घ्यावी आणि इंग्रजीची तिच्यानंतर.